कुंपणावरचा सरडा, सड्यावरचा सरडा आणि घोयरा

चिपळूणजवळच्या एका शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं आहे: ‘शाळेच्या कुंपणावर लाल गळ्याचा सरडा कायम दिसतो. मागच्या रानात मात्र काळपट अंगाचा, शेंदरी डोक्याचा सरडा असतो. मुलं दोघांनाही शॅमेलिऑन म्हणतात. हे एकच का? सरड्यांचं कूळ नेमकं कोणतं, जगात ते कुठे कुठे आहे, आणि पुस्तकातली नावं दर काही वर्षांनी का बदलतात?’

आधी थेट उत्तर देतो. दोघांपैकी एकही शॅमेलिऑन नाही आणि दोघं एकही नाहीत. कुंपणावरचा तो कॅलोटिस व्हर्सिकलर, म्हणजे आपला नेहमीचा बागेतला सरडा. रानातला, तुमच्या वर्णनावरून, मोनिलेसॉरस रूक्सी या जातीचा नर असणार, तोही विणीच्या काळातला. दोघांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी; कूळ एकच: ॲगॅमिडी. पाचशेहून अधिक जातींचं हे कूळ मुख्यतः आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या तीन खंडांत पसरलं आहे.

पंचवीसएक वर्षं मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी करत फिरतो आहे. शॅमेलिऑनची ही गल्लत गावोगावी भेटते, आणि ती मराठीत व्हावी याचं मला नवल वाटतं. आपल्या भाषेनं ही विभागणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. भिंतीवरची ती पाल. पालापाचोळ्यात सुळकन जाणारी, तुळतुळीत अंगाची ती सापसुरळी. मोठी, दुभंगलेली जीभ बाहेर काढत चालणारी ती घोरपड. झाडाझुडपांवर, दगडांवर ऐटीत मान वर करून बसणारा तो सरडा. आणि डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत, फांदीवर डुलत डुलत चालणारा तो घोयरा. ही पाच नावं प्राणिशास्त्रातल्या पाच कुळांशी बहुतेक जशीच्या तशी जुळतात. शॅमेलिऑन म्हणजे घोयरा. भारतात सहसा दिसणारी त्याची जात एकच, कॅमेलिओ झेलॅनिकस. ती द्वीपकल्पी भारतात आणि श्रीलंकेत आढळते, पण सहज नजरेला पडत नाही. घोयऱ्याच्या पायाची बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली असतात, शेपटी फांदीला विळखा घालते आणि जीभ लांबवर फेकली जाते. सरड्याकडे यातलं काहीच नाही. त्याची बोटं सुटी आणि लांब, शेपूट सरळ, डोळे साधे.

रंग दोघंही बदलतात, म्हणून हा घोळ. बदलण्याची रीत मात्र सारखी नाही. घोयऱ्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. मादागास्करच्या एका घोयऱ्यावर 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की या स्फटिकांमधलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग हिरव्याकडून पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो. बागेतल्या सरड्यात मुख्य काम काळ्या रंगद्रव्याच्या पेशींचं आहे. रंगद्रव्य पसरलं की अंग काळवंडतं, गोळा झालं की फिकट पिवळसर दिसतं. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि खांदे लाल होतात, गळ्याशी काळा डाग उठतो. हा लाल रंग पाहूनच सरडा रक्त पितो अशी समजूत पसरली आणि त्यापायी असंख्य सरडे पोरांच्या दगडांखाली मेले. तो किडे खातो. शाळेच्या बागेत त्याचा उपयोगच आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आता कूळ ठरतं कशावरून, ते पाहू. मेलेल्या सरड्याची कवटी मुंग्यांनी साफ केलेली मिळाली तर जपून ठेवा आणि भिंगाखाली जबडा बघा. दात त्रिकोणी, बारीक करवतीसारखे, आणि जबड्याच्या हाडाच्या कडेवरच जडलेले दिसतील. हाड कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो तेही नीट कळत नाही. पुढचे थोडे दात सोडले तर एकदा झिजलेले पुन्हा येत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या सरड्याच्या जबड्याची धार बोथट झालेली असते. पालीचे दात याउलट जबड्याच्या आतल्या बाजूला टेकलेले असतात आणि पडून नवे येत राहतात. पाली, सापसुरळ्या, सरडे या सगळ्यांत कडेवरच्या दातांची ही ठेवण ॲगॅमिड आणि घोयरे या दोनच कुळांत दिसते. ही दोन्ही एकमेकांची सर्वांत जवळची कुळं आहेत, हे नंतर जनुकीय अभ्यासांनीही पक्कं केलं. म्हणजे तुमच्या मुलांची चूक अगदीच निराधार नव्हे. सख्खी भावंडं नसली तरी चुलत भावंडं आहेत.

अमेरिकेतले इग्वाना दिसायला आपल्या सरड्यांसारखे. पाठीवर काटे, गळ्याला झालर, झाडावरची बैठक, सगळं तसंच. पण त्यांचे दात पालीसारखे आतल्या बाजूला. जुन्या जगात सरडे, नव्या जगात इग्वाना, अशी ही वाटणी आहे. अमेरिका खंडांत एकही ॲगॅमिड मूळचा नाही. मादागास्करातही नाही. घोयऱ्यांच्या एकूण जातींपैकी जवळपास निम्म्या त्या बेटावर असूनही तिथे सरडा नाही, त्याची जागा इग्वानांच्या नातेवाइकांनी घेतली आहे. युरोपातही हे कूळ ग्रीससारख्या आग्नेय टोकाला जेमतेम शिवतं.

कुळाची सहा उपकुळं मानतात. ॲगॅमिनी हे आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, मध्य आशियापर्यंतचं. आफ्रिकेतल्या गावांमध्ये भिंतींवर केशरी डोक्याचा, निळ्या अंगाचा नर मिरवताना दिसतो, तो यातला. याच उपकुळातले बेडकासारख्या तोंडाचे फ्रायनोसेफॅलस तिबेटच्या आणि लडाखच्या थंड वाळूत राहतात. तिथल्या फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी या जातीची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, कारण त्या थंडीत मातीत अंडी उबणं कठीण. सरडे उष्ण कटिबंधातले हे सर्वसाधारण खरं, पण कुळाची एक फांदी हिमालयापलीकडे गेली आहे हे ध्यानात ठेवा.

युरोमॅस्टिसिनी हे वाळवंटातलं, जाड काटेरी शेपटीचं उपकूळ. त्यातला आपला सांडा, सारा हार्डविकी, थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये बिळं करून राहतो आणि मोठेपणी मुख्यतः पालाच खातो. सांड्याच्या तेलासाठी या प्राण्याचे जे हाल होतात ते मी बाजारात पाहिले आहेत. पळू नये म्हणून कणा मोडलेले जिवंत सांडे टोपलीत ठेवलेले असतात. त्या तेलात औषधी असं काहीही नाही, कुठल्याही प्राण्याची चरबी असते तशी ती चरबी आहे. सांडा पकडणं आणि विकणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

लिओलेपिडिनी आणि हायड्रोसॉरिनी ही दोन लहान उपकुळं आग्नेय आशियातली. पहिल्यातल्या काही जातींत नरच नसतात, माद्या नराशिवाय वाढतात. त्यातली एक जात व्हिएतनाममध्ये खाणावळींत शिजवली जात होती. 2010 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा कळलं, की लोक इतके दिवस विज्ञानाला अनोळखी प्राणी खात होते. दुसऱ्यातले फिलिपिन्स-इंडोनेशियातले सरडे शेपटीवर शिडासारखी उंच कड बाळगतात आणि नदीकाठी राहतात.

ॲम्फिबोल्युरिनी मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचं. गळ्याभोवती छत्री उघडणारा, दोन पायांवर धावणारा सरडा, दाढीवाला पोगोना, आणि अंगभर काट्यांचा मोलॉक, जो कातडीवरच्या बारीक खाचांतून पाणी तोंडापर्यंत ओढून घेतो, हे सगळे इथले. गंमत अशी, की याच उपकुळातला एक हिरवा पाणसरडा ऑस्ट्रेलियात नाही तर थायलंड, व्हिएतनाम या भागात राहतो. ऑस्ट्रेलियातल्या सरड्यांचे पूर्वज आशियातून तिकडे गेल्याची ही जिवंत खूण समजतात.

उरलं ड्रॅकोनिनी, आणि आपल्याला खरं कर्तव्य आहे ते याच्याशी. दक्षिण आणि आग्नेय आशियातलं हे उपकूळ दोनशेहून अधिक जातींचं आहे. तुमचे दोन्ही सरडे यातले. गोव्याच्या जंगलात आणि तिथून खाली केरळपर्यंत पोफळीच्या बागांत दिसणारा उडता सरडा, ड्रॅको ड्युस्सुमिएरी, यातलाच. त्याच्या काही बरगड्या बाहेर लांब वाढलेल्या असतात, त्यांवर कातडी ताणली की पंख होतो आणि तो एका खोडावरून दुसऱ्या खोडावर तरंगत जातो. खोडावरच्या मुंग्या हे त्याचं मुख्य अन्न. मादी जमिनीवर येते ती जवळजवळ केवळ अंडी घालायला. निलगिरी आणि अनामलाईच्या थंड डोंगरमाथ्यांवर सॅलिआ आहे. श्रीलंकेत नाकावर शिंग असलेला सेराटोफोरा आहे, तो जगात दुसरीकडे कुठेच नाही.

भारतात हे सगळे आले कुठून? भारताचा भूखंड मादागास्करपासून सुमारे साडेआठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. सरडे या तरंगत्या भूखंडावर बसूनच आशियात पोहोचले असावेत, असं पूर्वी बऱ्याच जणांना वाटे. 2016 साली मोठ्या प्रमाणावरच्या जनुकीय माहितीतून दुसरं चित्र पुढे आलं: भारतातल्या ड्रॅकोनिनींचे पूर्वज आग्नेय आशियातून, तेही एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या काळी अनेकदा, इकडे आले. मला हे चित्र जास्त पटतं. आपले सरडे दिसण्या-वागण्यात इतके भिन्न आहेत, की एकाच आगमनातून ते सगळे झाले असं म्हणणं मला जड जातं.

आता नावं का बदलतात ते. याचं उत्तर पुद्दुचेरीत आहे. फ्रेंचांच्या त्या वसाहतीतून नमुने पॅरिसला जात. 1802 मध्ये दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं बागेतल्या सरड्याला व्हर्सिकलर, म्हणजे रंग पालटणारा, असं नाव दिलं. 1829 मध्ये क्युव्हिए यांनी गळ्याला पंखा असलेल्या सरड्याला सिताना पाँटिसेरियाना म्हटलं. त्यातलं दुसरं नाव पाँडिचेरीचंच. पुढं दीडशे-दोनशे वर्षं इराणच्या सीमेपासून चीनपर्यंत जो कोणी असा सरडा दिसला तो ‘व्हर्सिकलर’, आणि पंखा दिसला की ‘पाँटिसेरियाना’. माल्कम स्मिथ यांच्या भारतातल्या सरड्या-पालींवरच्या 1935 च्या ग्रंथावर आमच्या पिढीनं सरडे ओळखायला शिकलं. तो ग्रंथ आजही मोलाचा आहे, पण त्यातही चित्र साधारण असंच आहे.

मग जनुकं तपासली गेली. 2006 मध्ये म्यानमारच्या सरड्यांतून कॅलोटिस इरावडी वेगळा झाला, तो आपल्या ईशान्य भारतातही आहे. 2021 च्या अभ्यासात गंगेच्या मैदानातल्या सरड्याला व्हल्चुओसस हे नाव परत मिळालं. ते मुळात 1825 मध्ये कलकत्त्याच्या सरड्याला दिलं होतं आणि नंतर बाजूला पडलं होतं. पाकिस्तानकडचा फारूकी ठरला. व्हर्सिकलर हे नाव दक्षिण भारतातल्या सरड्याकडे राहिलं. नियम असा, की नाव पहिल्या नमुन्याच्या गावाला बांधलेलं असतं. जात फुटली की त्या गावची शाखा नाव घेऊन जाते, बाकीच्यांना जुनं विसरलेलं नाव शोधावं लागतं किंवा नवं द्यावं लागतं. सातबाऱ्यावर वाटण्या होतात तेव्हा मूळ गट क्रमांक एकाकडे राहतो आणि बाकीच्यांना पोटहिस्से पडतात, साधारण तसंच. यात शास्त्रज्ञांचा लहरीपणा नसतो.

तुमच्या रानातल्या सरड्याचंही असंच झालं. तो पूर्वी कॅलोटिस रूक्सी होता. 2018 मध्ये पश्चिम घाटातल्या सरड्यांची नव्यानं मांडणी झाली तेव्हा तो आणि त्याचे नातलग मोनिलेसॉरस या नव्या प्रजातीत गेले. जुन्या पुस्तकात कॅलोटिस दिसलं तर पुस्तक चुकलं असं मुलांना सांगू नका, ते 2018 च्या आधीचं आहे एवढंच सांगा.

सगळ्यात मोठी उलथापालथ गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांत झाली, आणि ती आपल्या दारात झाली. साताऱ्याजवळ ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार, म्हणजे उघडा खडकाळ सडा, आहे. मार्च ते मे, सकाळी ऊन तापायला लागलं की तिथल्या दगडादगडावर नर चढून बसतो. बोटभर रुंदीचं, मातकट रंगाचं अंग. दहा पावलांवरूनही दिसत नाही. मग तो पुढच्या पायांवर उंच होतो आणि गळ्याखालून छातीच्या पुढपर्यंत एक पंखा उलगडतो: निळा, काळा, विटकरी-नारिंगी. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. शेजारच्या दगडावरचा उत्तर देतो. दोन क्षणांत पठार रंगांनी लुकलुकायला लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीत काहीच लिहिलं नाही, बघतच राहिलो.

आम्ही त्यालाही वर्षानुवर्षं सिताना पाँटिसेरियाना लिहीत होतो. पुद्दुचेरीच्या किनाऱ्यावरचा, लहान, फिकट पंख्याचा सरडा आणि हा, एकच! 2016 मध्ये द्वीपकल्पातल्या या सरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पाच नव्या जातींबरोबर एक नवी प्रजाती आली. तिचं नाव सारडा, आपल्या मराठी ‘सरडा’ शब्दावरून. चाळकेवाडीचा तो सारडा सुपर्बा. शिवाय सारडा डार्विनी आणि पूर्वी वर्णिलेला सारडा डेक्कनेन्सिस. आपला रोजचा शब्द जगभरच्या शास्त्रात कायमचा बसला, याचा मला मनापासून आनंद आहे. सिताना आणि सारडा दोघांच्याही मागच्या पायाला पाचाऐवजी चार बोटं असतात. ही खूण फोटोतही दिसते.

या पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी बरेच कमी झाले आणि सरड्यांची संख्या वाढली. वरवर चांगलं वाटतं. पण तिथल्या सरड्यांची अंगकाठी खालावलेली होती, ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पक्षी गेले की सरड्याचं वागणंही बदलतं. सरकारी नकाशांत अशा उघड्या जागांना पडीक म्हणण्याची पद्धत आहे आणि पडीक म्हटलं की खाण, रस्ता, रिसॉर्ट, झाडलावणी काहीही चालतं. चांगल्या हेतूनं लावलेली झाडंसुद्धा सुपर्बाचा सडा संपवतात, कारण त्याला उघडं ऊन, दगड आणि आखूड गवत लागतं. तुमच्या शाळेची वृक्षारोपणाची सहल पठारावर जाणार असेल, तर कृपा करून ती जागा बदला.

एक उलट उदाहरणही आहे. बागेतला सरडा माणसाच्या सोबतीनं समुद्रापार गेला. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तो आज सर्रास दिसतो, मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांना त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. सिंगापूरमध्ये त्याच्या येण्यानं तिथला मूळचा हिरवा सरडा उघड्या जागांतून मागे हटला. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ हे या जातीला लागू नाही. सुपर्बाला लागू आहे, पठाराची कड हेच त्याचं कुंपण.

आता तुमच्या दोघांची खात्री कशी करायची ते. पकडू नका, फोटो पुरे. एक फोटो बरोबर बाजूनं, पूर्ण अंग दिसेल असा. कुंपणावरच्याच्या बाजूचे खवले मागे आणि वर रोखलेले दिसतील, आणि कानाच्या वर काट्यांचे दोन वेगळे झुबके असतील. दुसरा फोटो मान आणि खांद्याचा जवळून. खांद्याच्या पुढे कातडीची तिरकी घडी असेल तर तो रानातला मोनिलेसॉरस, नसेल तर बागेतला. गळ्याच्या रंगावर विसंबू नका, मादीला आणि पिल्लांना तो नसतो आणि नरालाही बारमाही नसतो. फोटोसोबत तारीख, वेळ, नेमकी जागा, आणि सरडा कशावर होता (झाड, दगड, जमीन) हे लिहा. जात उद्या फुटली तर रंगापेक्षा ही जागेची नोंदच सांगेल, की तुमचा सरडा कुठल्या बाजूचा.

आणि पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत, शाळेच्या बागेतल्या मऊ मातीकडे लक्ष ठेवा. पोट फुगलेली मादी पुढच्या पायांनी खड्डा करते, मध्येच थांबून मान वर करून बघते, मग उलटी वळून अंडी घालते, बहुधा दहा ते वीस. नंतर माती लोटून नाकाच्या शेंड्यानं इतकी चोपते, की पाच मिनिटांनी जागा सापडत नाही. मुलांना चार हात लांब, गप्प बसवून हे दाखवा. जागेभोवती चार खडे मांडून ठेवा म्हणजे खुरपणी करताना कुणाचा घाव बसणार नाही. दीड-दोन महिन्यांनी तिथून करंगळीपेक्षा बारीक पिल्लं वर येतील.